कूलरखालची पाणथळ

शालिक लेका,

तुझा कूलर बंद झाला आणि आपल्या हुडको कॉलनीला ऐकू यायला लागलं. इतकी वर्षं त्या लोखंडी धुडाच्या घरघरीत आपल्या गल्लीतल्या नवराबायकोंना एकमेकांची बोलणीच ऐकू जात नव्हती, म्हणून तर संसार टिकले. मग शांतता झाली, आणि परवाच दोन घरांत अबोला सुरू झाला. तिकडे दुर्गमध्ये लोकांनी म्हणे मे महिन्यात काढलेल्या गोधड्या पुन्हा पेटीत टाकल्या, कारण तुझ्या कूलरचा वारा पोचायचा थांबला.

इथं तू हात वर करायचास. चष्मा कपाळावर, डोळे मिटलेले, आणि एकच शब्द: ‘पुरावा?’

बघ, वाक्य संपवून थांबलोय. कुणी काही म्हणालं नाही.

हे मी पुस्तकी मराठीत लिहितो आहे तेही तुझ्याच धाकानं. तू म्हणायचास, ‘बोलतानी मले-तुले कर, हरकत नाई. पन लिवतानी नीट लिव, पोट्टे वाचन.’ पोट्टे वाचणार नाहीत, शालिक. पोट्टे घरात मराठी, दारात हिंदी आणि मोबाइलवर काय बोलतात ते त्यांचं त्यांना माहीत. तरी लिहितो. खरं तर थकलोय. प्लांटमध्ये क्रेनच्या केबिनात बसून, खाली लोखंडाचा रस उकळत असताना डबल ड्युट्या केल्या, तेव्हा थकलो नव्हतो इतका तुझ्या अंगणातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून थकलो.

येणारा प्रत्येक जण विचारायचा, ‘कैसे हुआ?’ ‘कसं झालं हो?’ वहिनी आत बायकांत, तुझा सचिन फोनवर, मग सांगणार कोण? माझी ख्याती तुला ठाऊक आहे. मी बाजारातून वांगी आणल्याची गोष्ट सांगतो तेव्हा त्यात निदान एक वाघ असतोच. पण ही गोष्ट मी अगदी सपाट सांगितली. सकाळी उठला, चहा मागितला, चहा येईपर्यंत गेला. बस. वाढवायला त्यात जागाच नव्हती. शेवटी शेवटी तर रिसालीहून तुझ्या शाळेतले एक जुने सर आले, त्यांना मी नुसता हात हलवून दाखवला आणि त्यांना सगळं समजलं.

वहिनीनं पहिल्याच दिवशी कूलरचं बटन बंद केलं होतं. माणसं बसायला येणार, त्या आवाजात कोण काय बोलणार. मग ते कुणी चालू केलंच नाही. वहिनीला तो वारा कधी सोसला नाही, तिचे गुडघे धरतात. सचिनला पुण्याच्या एसीची सवय. कूलर तुझा होता. तुझा, आणि खाली राहणाऱ्या मंडळींचा.

त्या मंडळींपासूनच सगळं सुरू झालं ना? कूलरची टाकी गंजून तिला तळाशी भोक पडलं त्या उन्हाळ्यात. खिडकीबाहेर लोखंडी घोडीवर तो कूलर, आणि भोकातून खाली टपटप टपटप. वहिनी वैतागली. म्हणाली, इथं नळाला सकाळी तेवढं पाणी येते आणि तुमचे मास्तर ते जमिनीला पाजून राहिले. मी लगेच भोक बुजवायचा मसाला घेऊन हजर. क्रेनवाला माणूस मी, माझ्या हातानं बुजवलेल्या भोकातून पाणीच काय, अफवासुद्धा बाहेर पडत नाही. मी घोडीखाली हात घातला तर तू ओरडलास, ‘थांब बे! बुजू नको. खाली कोनीतरी राहून राहिलं.’

‘कोन?’

‘वाकून पाय.’

मी वाकलो. विटेच्या आडोशाला, ओल्या मातीत, एक बेडूक बसला होता. असा ऐसपैस, की जणू रजिस्ट्री त्याच्या नावावर आहे. बाहेर ऊन असं की कावळा स्वतःच्या सावलीत उभा राहायला जागा शोधत होता, आणि हा गडी गारेगार.

‘एका बेंडकासाठी भोक ठेवतं?’ मी म्हणालो.

‘एका बेंडकासाठी नाई. पाय तं खरं, पुढं कोन कोन येते.’

आणि आले की सगळे! शेवाळ आलं. वहिनीनं कधीतरी फेकलेल्या अळूच्या कंदातून धोपा फुटला आणि त्याची पानं एवढी मोठी झाली की त्याखाली लग्नाची पंगत बसली असती. गोगलगाई आल्या, चतुर आले, दुपारी बुलबुलांची जोडी पाणी प्यायला यायची. दर वर्षी होळी झाली की आपण दोघं कूलर उतरवायचो, धुवायचो, जाळीत नवं गवत भरायचो, पंपाला तेल द्यायचो, पत्र्याला रंग फासायचो, सगळं नव्यासारखं करायचो आणि भोक तेवढं जपून ठेवायचो. साऱ्या भिलाईत लोक कूलरची गळती बंद करतात. आपण दोघंच असे बह्याड, की भोकात कचरा अडकला तर काडीनं मोकळं करायचो.

आयुष्यभर शाळेत तू हिंदीतून जीवशास्त्र शिकवलंस आणि रिटायर झाल्यावर खूळ घेतलंस की आपल्या मराठी घरांतल्या पोरांना हेच शब्द मराठीतून यायला पाहिजेत. रविवारी सकाळी तुझ्या हॉलमध्ये शाळा भरायची. पोरं आईबापांच्या धाकानं यायची आणि वहिनीच्या चिवड्यानं टिकायची. एकदा एका पोरीनं विचारलं, ‘अंकल, हॅबिटॅट को मराठी में क्या बोलते हैं?’

‘अंकल नाई, आजोबा. आन् बोलते नाई, म्हनते. अधिवास म्हनते.’

‘मतलब?’

‘मतलब पाहाले बाहेर चला.’

सगळी फौज खिडकीखाली उकिडवी बसली. त्या दिवसापासून कूलरखाली तुझा वर्ग. ‘ह्या एवढ्या जागेले काय म्हनते?’ ‘पाणथळ!’ ‘आन् इथले सगळे मिळून, झाडं, किडे, पानी, माती, ऊन?’ ‘परिसंस्था!’ ‘उत्पादक कोन?’ ‘धोपा!’ ‘धोप्याले खानारा?’ ‘नाकतोडा!’ ‘नाकतोड्याले खानारा?’ ‘मेंढक!’ ‘मेंढक नाई बे, बेंडूक. आन् बेंडकाले?’

तेव्हा मी कुंपणापलीकडून सांगितलं की बेंडकाला खाणारी धामण काल मी स्वतः पाहिली. तोंड हुडकोत आणि शेपूट पॉवर हाउस स्टेशनात, मधून लोकल गेली तेव्हा तिनं जरा अंग चोरलं.

तू न बघता म्हणालास, ‘पुरावा?’

आणि सगळी पोरं एका सुरात: ‘पुरावा?’

आत स्वयंपाकघरात वहिनी हसली होती. मला ऐकू आलं होतं, कूलर चालू असूनसुद्धा.

लेका, तुझ्या शब्दांनी मला फार पिडलं. मी म्हणायचो, आज हवामान फार गरम आहे. तू म्हणायचास, ‘हवामान नाई, हवा. आज कसं आहे ते हवा. वर्षानुवर्षं कसं राहते ते हवामान.’ मी म्हणालो, फरक काय पडते, घाम तर तोच. मग तू आवाज खाली आणून, खिडकीकडे बघत समजावलंस, ‘तुह्या वहिनीचंच घे. सकाळी भांडे आपटते ते हवा. पन इतके वर्षं माह्यासंगं राहिली, ते हवामान.’ आतून भांडं आपटल्याचा आवाज आला. तू म्हणालास, ‘पाय, ढग आले.’

मरोद्याच्या तलावावरचा तो थंडीतला दिवसही असाच. तुझ्या स्कूटरवर मागं बसून माझं कंबरडं मोडलं होतं आणि तू दुर्बीण लावून बदकं बघत होतास. ‘स्थलांतर,’ तू म्हणालास, ‘हिवाळ्यात येते, खाते-पिते, उन्हाळा लागला का आपल्या देशी जाते. पिल्लं तिकडंच करते. म्हनून हा त्यायचा मुक्काम आहे, अधिवास तिकडं.’ मी म्हणालो, त्यातलं एक बदक मला ओळखतं. ते रशियाहून येतं ना, त्यानं मघाशी मला विचारलं, ‘आमचे इंजिनियर इथं प्लांट बांधायला आले होते ते तर कवाचेच गेले. तुम्ही लोक कधी जाणार?’

तू ‘पुरावा’ म्हणाला नाहीस. दुर्बीण खाली घेतलीस आणि कितीतरी वेळ पाण्याकडे बघत राहिलास. मला वाटलं, थाप चांगली बसली. नंतर कळलं, ती कुठं बसली ते.

कारण तू जायचं म्हणत होतास ना सारखा. बाप भंडाऱ्याकडचं धान सोडून इथं आला, आपण इथंच वाढलो, इथंच चिकटलो, पण तुझं आपलं एकच, रिटायर झालो की गावी जाईन. गेलासही, मलाही सोबत नेलंस. तुझ्या चुलतभावानं आपल्याला आत खुर्चीवर बसवलं, बाकी सगळे खाली. कपाटातून पाहुण्यांच्या कपबशा निघाल्या. पोरं दारातून डोकावून सांगत होती, ‘भिलाईवाले आले.’ तुला बैलाच्या गोठ्याकडे जायचं होतं तर कुणीतरी म्हणालं, ‘राहू द्या, तुमचे कपडे खराब होईन.’ परतीच्या गाडीत डोंगरगड मागं पडलं. मग म्हणालास, ‘सुखदेव, तिथं आपन बदकं आहोत.’

आपला खरा वाद तिथून लागला, आणि तो आपण कूलरखाली आणून ठेवला, कारण स्वतःवर वाद घालायला दोघांनाही भीती वाटत होती. तुझी व्याख्या पक्की होती: ‘खानं, पानी, आडोसा आन् पिल्लं. चारही जिथं भेटते तो अधिवास.’ मी म्हणायचो, ‘मंग तुह्या कूलरखाली तीनच आहेत. पिल्लं कोठं आहेत? इतक्या वर्षांत तुह्या बेंडकाले एक पोरगं झालं नाई. हा त्याचा उन्हाळी मुक्काम आहे, गेस्ट हाउस.’ तू चिडायचास. सचिन पुण्याला गेला त्या वर्षी मी हे जरा कमी म्हणालो. माझी पोरगी लग्न होऊन नागपूरला गेली, तेव्हा तूही आठवडाभर व्याख्या काढली नाहीस. मैत्रीत एवढी शिस्त आपण पाळली.

यंदाच्या होळीनंतरचा तो दिवस मी मनात पुन्हा पुन्हा उतरवतो, त्या कूलरसारखाच. गवत भरून झालं होतं. तू स्टुलावर उभा, मागचा पत्रा बसवत होतास. चारांपैकी दोन स्क्रू लावून झाले, दोन तुझ्या ओठांत धरलेले. मी खाली स्टूल धरून, आणि मला काय अवदसा आठवली! म्हणालो, ‘शालिक, हा काई अधिवास नाई. बटनावरची वस्ती आहे. बटन बंद, दुनिया बंद.’

तू म्हणालास, ‘हं.’

‘आन् आपलं बी तसंच. भट्टी पेटली म्हनून आपले बाप इथं आले. ते गाव सोडून आले, आपले पोट्टे आपल्याले सोडून गेले. उद्या भट्टी विझली तं कोन राहते इथं? सांग मले, आपला अधिवास कोनता?’

तुझा पेचकस हवेत थांबला. वरून माझ्याकडे पाहिलंस. दोन्ही स्क्रू ओठांत तसेच. आणि पुन्हा म्हणालास, ‘हं.’

तेवढ्यात वहिनीनं हाक मारली, चहा झाला. तू उतरलास. स्क्रू ओठांतून काढून कुठंतरी ठेवलेस. चहा पिताना विषय कैरीच्या लोणच्यावर गेला आणि मोहरी किती घालायची यावर आपण असे भांडलो की सिविक सेंटरपर्यंत वाहतूक ठप्प झाली. दोन स्क्रूंवर लटकलेला तो पत्रा कूलर चालू झाला की खडखडायचा. तू म्हणायचास, लावू उद्या. मग एका सकाळी चहा मागितलास.

मी वकिलासारखा त्या ‘हं’चा कीस पाडतो आहे. पहिला ‘हं’ सरळ होता, तो मला कळला: बोल लेका, बोल. दुसरा वेगळा होता. तो ‘हो’ होता की ‘नाही’, की ‘थांब, तोंडातले स्क्रू काढू दे, मग सांगतो’? आयुष्यभर माझ्या थापांना तू शब्दांनी उत्तर दिलंस आणि एकदाच मी खरं विचारलं, तेव्हा तुझं तोंड लोखंडानं भरलेलं होतं.

तुला शिवनाथ नदीवर पोचवून आलो. सचिननं पाण्यात राख सोडली तेव्हा मला तुझे विघटक आठवले. पोरांना तू शेवटी नेहमी तेच विचारायचास, ‘सगळ्यात मोठे कोन?’ पोरं वाघ म्हणायची, हत्ती म्हणायची. तू म्हणायचास, ‘गांडूळ आन् बुरशी. ते नसते तं मेलेलं सगळं इथंच पडून राहिलं असतं, नव्याले जागाच नसती.’ मी काठावर उभा राहून म्हणालो, विघटकांनो, जरा दमानं घ्या, मास्तर आहे. हसू आलं नाही. पण तू हसला असतास.

घरी आलो, हातपाय धुवायला तुझ्या मागच्या अंगणात गेलो, तर कूलरखाली शुकशुकाट. टपटप नाही. धोप्याची पानं माना टाकून. शेवाळाचा पापुद्रा सुटलेला. तू मधोमध खोलगट करून ठेवली होतीस ती जागा, तिथं परातभर पाणी उरलं होतं. आणि शालिक, त्या पाण्यात काहीतरी वळवळत होतं.

मी वाकलो. माझे गुडघे असे वाजले की शेजारचा कुत्रा उठून गेला. काळे काळे स्वल्पविराम. शेपट्या हलवत, एकमेकांवर आदळत.

पिल्लं होती, लेका.

इतकी वर्षं मी विचारत होतो आणि ती झाली ती अशी, तू नसताना. चारही झालं: खाणं, पाणी, आडोसा, पिल्लं. तू जिंकलास आणि मला हरवायला हजर नाहीस. मी तिथंच मातीत बसलो. आजवर किती माणसांच्या मयतीत मी ढसाढसा रडण्याची नक्कल केली आहे. त्या दिवशी मात्र नक्कलही जमली नाही.

मग बादली आणली. पाणी ओतलं, हळू, ती वाहून जाऊ नयेत म्हणून हातावरून. सकाळी एकदा, ऊन उतरल्यावर एकदा. हे बाहेरचं ऊन तुला ठाऊक आहे, ते परातभर पाणी नुसतं बघून पितं. कूलर टपकत होता तेव्हा कुणाला काही करावं लागत नव्हतं. आता एक म्हातारा बादली घेऊन हेलपाटे घालू लागला. तुझं ते भोक माझ्यापेक्षा चांगलं काम करत होतं, हे कबूल.

तेरवीनंतर सचिन अंगणात आला. म्हणाला, ‘काका, आईला पुण्याला घेऊन जातो. टिकट हो गया है. घर किरायानं देऊन टाकू. हा कूलर भंगारमध्ये देतो आन् खालची ही दलदल सिमेंट मारून बंद करतो.’

दलदल म्हणाला. तुझा मुलगा. पाणथळ म्हणाला असता तर मी गप्प राहिलो असतो.

मी म्हणालो, ‘बाबू, चुकूनही करू नको. हे घर त्या ओलीवर तरंगून आहे, जहाजावानी. ओल सुकली का पाया खाली बसते. तुह्या बाबानं म्हनूनच भोक ठेवलं होतं. रशियन इंजिनियर मले सांगून गेला होता, हुडकोची माती अशीच आहे.’

अशी थाप मी जन्मात मारली नव्हती. जहाज, रशियन, माती, सगळं एका वाक्यात. मारली आणि सवयीनं थांबलो. तुझ्या खिडकीकडे पाहिलं.

सचिननं मान हलवली. ‘अच्छा? मग राहू द्या काका.’ आणि फोन बघत आत गेला.

शालिक, तू गेलास हे मला तेव्हा कळलं. शिवनाथवर नाही, तेव्हा. इतकी मोठी थाप आणि ती सरळ चालून गेली, कुणी अडवली नाही. पोरांना तूच शिकवायचास ना, की खाणारा नाहीसा झाला म्हणजे खाल्ले जाणारे सुखी होतात असं नाही; ते माजतात, मग सगळं चरून टाकतात, मग उपाशी मरतात. तू माझ्या थापांचा भक्षक होतास. कमजोर थाप तू जागीच मारायचास, म्हणून जी उरायची ती तगडी निघायची, चार माणसांत पळायची. आता काय, वाट्टेल ते बोलतो आणि लोक ‘अच्छा’ म्हणतात. या वयात मोकळं रान मिळालं, आणि त्यात चरायची इच्छाच राहिली नाही.

काल ऊन उतरल्यावर बादली घेऊन आलो. सचिन बँकेच्या कामाला सिविक सेंटरला गेला होता. वहिनी मागच्या दारात पायरीवर बसून सुपात तांदूळ निवडत होती. पुण्याला जायच्या आधी डबे रिकामे करणं चाललं होतं.

‘भाऊजी, कायले पानी टाकून राहिले?’

‘धोप्याले.’

‘धोप्याले रोज दोन-दोन बकेट? घरच्या तुळशीले तं कदी घातलं नाई तुमी.’

मी पकडला गेलो. म्हणालो, ‘वहिनी, खाली पिल्लं झाले. बेंडकाचे. लाख-दीड लाख तरी असन.’

वहिनीनं मान वर केली नाही. सुपातला एक खडा काढून बाजूला टाकला.

‘पुरावा?’ ती म्हणाली.

माझ्या हातातली बादली खाली टेकली. तुझा तो शब्द, तुझ्याच घरातून. तिनं तुझी नक्कल केली नव्हती. इतकी वर्षं भिंतीआडून ऐकून तो तिच्यात मुरला होता, लोणच्यासारखा. आणि मग लक्षात आलं की आयुष्यात पहिल्यांदा मला बोलायची गरजच नाही.

‘या,’ मी म्हणालो. ‘दाखवतो.’

ती घोडीचा पाय धरून, कण्हत खाली बसली. धोप्याचं पान बाजूला केलं. आम्ही दोघं म्हातारे त्या खळग्यावर असे वाकलो होतो, रस्त्यावरून कुणी पाहिलं असतं तर त्याला वाटलं असतं की ह्यांचं काहीतरी सोन्याचं हरवलं आहे.

‘लाख कोठं आहेत?’ ती म्हणाली. ‘मूठभर बी नाईत.’

‘मूठभर तं मूठभर.’

‘यायले पाय कवा फुटन?’

‘ते शालिकले मालूम होतं.’

तिनं बोटाचं टोक पाण्याला लावलं. पिल्लं पांगली, पुन्हा जमली. मग म्हणाली, ‘मले सांगत होते. म्हने, सुखदेव दर वर्षी विचारते पिल्लं कोठं आहेत. एखाद्या वर्षी झाले म्हंजे त्याची बोलती बंद करतो.’

झाली, शालिक. झाली बोलती बंद.

ती पदरानं हात पुसत उठली, आत गेली. थोड्या वेळानं खिडकीतून टाकीत पाणी ओतल्याचा आवाज आला, मग खट्ट झालं आणि तुझं ते धूड थरथरून जागं झालं. आधी पंप घुटमळला, मग गवत भिजलं, मग भोकातून पहिला थेंब पडला. खोलीत गार वाऱ्यासाठी कुणी नव्हतं. पलंग रिकामा होता. वहिनी खिडकीशी येऊन घरघरीच्या वर ओरडली. मला ऐकू गेलं नाही. तिनं पुन्हा सांगितलं, मग पुन्हा, आणि तोवर साऱ्या हुडकोला कळलं होतं: ‘सचिनले म्हनतो, टिकट पुढं ढकल! पाऊस लागेपर्यंत मी कोठंच येत नाई!’

पाऊस लागल्यावर जाईल ती. त्याबद्दल मी काही वाढवून सांगणार नाही. पाय फुटलेली पिल्लंही जातील, तिचे गुडघे तर पुण्यातही दुखतीलच, आणि या घरात कुणी दुसरा राहायला येईल, त्याच्याकडे बिनभोकाचा कूलर असेल. तरी तोपर्यंत खाली टपटप आहे, आणि तेवढ्या वेळापुरता का होईना, तुझी व्याख्या चारही पायांवर उभी आहे. माझा प्रश्न तसाच आहे. तुझा दुसरा ‘हं’ही तसाच आहे. मी रोज त्याच्याजवळ खुर्ची टाकून बसतो.

तुझा मागचा पत्रा मात्र फार खडखडतो रे. स्क्रू कुठं ठेवलेस? शर्टाचे खिसे बघितले, खिडकीची चौकट बघितली, चहाच्या ट्रेखाली बघितलं. वहिनी म्हणाली, नवे आणा नं, दोन स्क्रूले काय लागते. मी हो म्हणालो, बाजारापर्यंत गेलोही, आणि कोथिंबीर घेऊन परत आलो.

पावसापर्यंत खडखडू दे.

तुझा,
सुखदेव